आयोगाचा अहवाल आणि आमच्या साहेबांची लक्षवेधी

विधानसभेच्या रोजच्या कामकाजक्रमात प्रश्नोत्तरांच्या खाली एक बाब छापलेली असते : 'कागदपत्रे सभागृहासमोर ठेवणे'. मंत्री उभे राहतात, 'अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीने मी अमुक संस्थेचा अमुक वर्षाचा वार्षिक अहवाल सभागृहासमोर ठेवतो,' एवढं वाचून दाखवतात आणि बसतात. 'अहवाल सभागृहासमोर ठेवण्यात आला आहे,' असं अध्यक्ष म्हणतात. झालं. प्रश्नोत्तराचा तास नुकताच संपलेला असतो, बरेच सदस्य लॉबीकडे निघालेले असतात, उरलेले औचित्याच्या मुद्द्यासाठी हात वर करून उभे असतात. प्रेक्षक दीर्घेत शाळेची पोरं आलेली असली तर त्यांना वाटत असणार, आत्ता काही घडलंच नाही. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

मी एका आमदारांची स्वीय सहायक आहे. मतदारसंघ मराठवाड्यातला, त्यामुळे आमच्या कार्यालयात वीज हा बारमाही विषय. डीपी जळाली, रोहित्र मिळेना, पंपाला रात्रीची वीज येते, रीडिंग न घेताच बिल आलं. यातलं बहुतेक काम कनिष्ठ अभियंत्याला किंवा अधीक्षक अभियंत्याला एक फोन केला की मार्गी लागतं, निदान हललं तरी. दर मात्र फोनने हलत नाही. तो कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि ठरवणाऱ्याला कोण विचारतं, हे 2025 च्या उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडे कोणी खोलात जाऊन पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी 28 मार्चला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणचा पुढच्या पाच वर्षांचा दरआदेश काढला. दर कमी होणार, अशा बातम्या आल्या. साहेबांनी एका सप्ताहाच्या सांगतेला माइक हातात आल्यावर ती बातमी गावाला सांगूनही टाकली. पुढे काहीच दिवसांत, महावितरणने फेरविचार मागितल्यावर, आदेशाला स्थगिती मिळाली. मग 25 जूनला सुधारित आदेश आला आणि 1 जुलैपासून तो लागू झाला. दर उतरतील असं दोन्ही वेळा सांगितलं गेलं, पण कोणाचे किती आणि कधीपासून, हे गणित बदललं होतं. प्रकरण पुढे न्यायालयात गेलं, तो वेगळाच अध्याय आहे. आमच्या दृष्टीने अडचण अशी की पावसाळी अधिवेशन 30 जूनला सुरू होत होतं आणि सप्ताहातल्या लोकांचे फोन यायला लागले होते.

"ताई, तारांकित टाका," साहेब म्हणाले.

तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असा प्रश्न. त्याच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. 25 जूनच्या आदेशावर 30 जूनच्या अधिवेशनात तारांकित येणं शक्यच नव्हतं. राहिली लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना. मी मसुदा केला : आयोगाने आधीचा आदेश बदलल्यामुळे ग्राहकांत पसरलेला असंतोष, आणि शासनाने करावयाची कार्यवाही. ही लागणार नाही हे मी साहेबांना सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, लागली नाही तरी दिल्याची पोच तरी दाखवता येईल. राजकारणात पोचपावतीला किंमत असते, हे मला मान्य आहे. सूचना गेली आणि ती मान्य झाली नाही.

कारण सरळ होतं. ज्या गोष्टीला मंत्री जबाबदार नाही तिच्याबद्दल मंत्र्याला विचारता येत नाही. वीजदराचा आदेश मंत्री काढत नाही. तो आयोग काढतो, आणि आयोग दर ठरवताना अर्धन्यायिक काम करत असतो. याचिका दाखल होते, जाहीर सूचना निघते, हरकती येतात, सुनावणी होते, मग आदेश. आदेश पटला नाही तर दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात जायचं. ही वाट विधानभवनातून जात नाही.

पूर्वी जात असे. जुने लोक सांगतात, वीज मंडळाच्या काळात दरवाढ झाली की सभागृहात मंत्र्याला दोन तास धारेवर धरायचे. 1998 च्या विद्युत नियामक आयोग कायद्याखाली ऑगस्ट 1999 मध्ये आपला आयोग स्थापन झाला, नंतर 2003 चा विद्युत कायदा आला, 2005 च्या जूनमध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या. दर ठरवण्याचं काम राजकारण्यांच्या हातून काढून घ्यायचं, हाच या सगळ्याचा गाभा होता. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचं ओझं मंडळाच्या डोक्यावर असतानाचे ते दिवस होते, तेव्हा ही मागणी कुठून आली हे समजायला फार अभ्यास नको. मला स्वतःला हे काढून घेणं योग्य वाटतं. निवडणुकीच्या वर्षी दर ठरवायचा अधिकार आमच्या साहेबांच्या हातात असता तर त्यांनी काय केलं असतं, हे मी सांगायला नको.

पण लक्षवेधी परत आल्यावर साहेबांनी जो प्रश्न विचारला तो मला सोडेना. "मग आयोगाला विचारतं कोण? कोणीच नाही?"

अधिवेशनात आमचा मुक्काम आकाशवाणी आमदार निवासात असतो. रात्री तिथल्या टेबलावर 2003 चा कायदा उघडून बसले. वीजचोरीची, परवान्यांची कलमं मला ऐकून माहीत होती. कलम 102 ते 108 कधी वाचली नव्हती. ती रटाळ आहेत यात शंका नाही, पण साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. राज्य शासन आयोगाला अनुदान देणार ते विधिमंडळाने मंजूर केल्यानंतर. आयोगाचा स्वतंत्र निधी. आयोगाने हिशेब ठेवायचे, त्यांचं लेखापरीक्षण भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी करायचं, आणि तो हिशेब व लेखापरीक्षा अहवाल विधिमंडळासमोर ठेवायचा : कलम 104. आयोगाने दर वर्षी मागच्या वर्षाच्या कामाचा सारांश देणारा वार्षिक अहवाल शासनाला पाठवायचा, आणि शासनाने तो मिळाल्यावर शक्य तितक्या लवकर विधिमंडळासमोर ठेवायचा : कलम 105. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक शासनाकडे पाठवायचं : कलम 106. आणि लोकहिताच्या धोरणात्मक बाबींत शासन लेखी निदेश देऊ शकतं, आयोगाने त्यांचं मार्गदर्शन घ्यायचं : कलम 108. एखादा निदेश धोरणाचा आहे की नाही असा वाद निघाला तर शेवटचा शब्द शासनाचा.

म्हणजे ते अर्ध्या मिनिटाचं 'सभागृहासमोर ठेवतो' हीच ती खिडकी. आमदारांना आयोगात डोकावायला कायद्याने मुख्यतः तेवढीच ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी विधानमंडळाच्या ग्रंथालयात गेले. सभागृहासमोर ठेवलेले कागद तिथे मिळतात. ग्रंथालयातल्या बाईंनी कुठलं खातं विचारलं, मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नियामक आयोग? एमआयडीसीचे अहवाल न्यायला येतात लोक. याला फारसं कोणी येत नाही." त्यांनी गठ्ठा आणून दिला आणि खिडकीजवळचं टेबल दाखवलं.

वार्षिक अहवाल पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटतो. सुरुवातीला आयोगाची रचना, अध्यक्ष आणि सदस्य, कचेरीचा आराखडा. मग वर्षभरातले आदेश, विनियमांची यादी, सल्लागार समितीच्या बैठका, माहिती अधिकाराचे अर्ज, शेवटी हिशेब. मी तो उलटा वाचायला घेतला, शेवटाकडून, कारण नोकरीने तेवढं शिकवलंय. मधल्या भागात वीज ग्राहक तक्रार निवारण मंचांची आणि विद्युत लोकपालांची माहिती असते. लोकपाल मुंबईत आणि नागपुरात बसतात. आमच्या कार्यालयात रोज येणाऱ्या तक्रारी याच रस्त्याने जायला हव्यात, आधी मंच, तिथे समाधान झालं नाही तर लोकपाल. हे पान मी झेरॉक्स करून घेतलं. ते आता आमच्या मतदारसंघातल्या कार्यालयाच्या भिंतीवर आहे आणि कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

पण साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून अहवाल तोकडाच. दोष अहवालाचा नाही. कायद्याने मागितलाच आहे 'सारांश'. किती आदेश काढले हे त्यात येणार. काढलेल्या आदेशांतल्या किती निर्देशांचं पालन झालं, वितरण कंपन्यांची गळती, म्हणजे वाटेत वाया किंवा चोरीला जाणारी वीज, सांगितल्याप्रमाणे उतरली का, याचा जमाखर्च मांडा असं कलम 105 कुठेच म्हणत नाही. ते सगळं आदेशांच्या शेकडो पानांत असतं, आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत. तिथे जाऊन वाचणारा आमदार मला अजून भेटायचा आहे. त्यांच्या स्वीय सहायकांचंही तेच, माझ्यासकट.

लेखापरीक्षणाबद्दलही आमच्याकडे गैरसमज होता, आणि तो आमच्यापुरता नाही. 'कॅग' आयोगाचं लेखापरीक्षण करतं म्हटलं की लोकांना वाटतं, दर बरोबर लावला का हे कॅग तपासतं. कलम 104 मधलं लेखापरीक्षण आयोगाच्या स्वतःच्या हिशेबाचं : शुल्कापोटी जमा किती, पगार किती, भाडं किती, गाड्या किती. दराचं गणित त्यात नाही.

हे मी साहेबांना जेवताना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "म्हणजे आयोगाच्या गाडीच्या डिझेलचा हिशेब आपल्यासमोर येतो, आणि सुमारे तीन कोटी ग्राहकांच्या बिलाचा येत नाही?"

"नाही."

"आणि हे बरोबर आहे?"

मी म्हणाले, बिलाचा हिशेब जनसुनावणीत येतो, तिथे कोणीही जाऊ शकतं. तुम्हीही. त्यावर ते काही बोलले नाहीत. आमदाराने टोकन घेऊन सुनावणीला बसायचं ही कल्पना त्यांना त्या दिवशी पचली नाही.

आता कायद्यातला तो भाग, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

दर हा आकाशातून पडत नाही. तो विनियमांच्या साच्यातून निघतो. कंपनीला भांडवलावर किती परतावा, किती गळती मान्य करायची, कुठला खर्च ग्राहकाच्या माथी मारता येईल आणि कुठला नाही, हे सगळं 'बहुवार्षिक वीजदर विनियम' ठरवतात. आत्ताच्या पाच वर्षांसाठी आयोगाने ते 2024 मध्ये केले. एकदा साचा ठरला की दराच्या सुनावणीत भांडायला जागा थोडीच उरते. आणि हे विनियम म्हणजे काही कार्यालयीन परिपत्रक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये पीटीसी इंडिया या वीज-व्यापार कंपनीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की असे विनियम म्हणजे दुय्यम विधान आहे. अपिलीय न्यायाधिकरण त्यांची वैधता तपासू शकत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयातच जावं लागतं. म्हणजे तो कायदाच, फक्त आमदारांनी न केलेला.

मग आमदारांना त्यात काय स्थान? कलम 182 म्हणतं, आयोगाचा प्रत्येक विनियम राज्य विधिमंडळाच्या प्रत्येक सभागृहासमोर शक्य तितक्या लवकर ठेवावा. पूर्णविराम. मी पुढचं वाक्य शोधत राहिले. ते नव्हतं. मग तीन पानं मागे, कलम 179 पाहिलं. ते केंद्राचे नियम आणि केंद्रीय आयोगाचे विनियम संसदेसमोर ठेवण्याबद्दल आहे. तिथे सविस्तर लिहिलंय : अधिवेशन चालू असताना एकूण 30 दिवस ठेवायचे, आणि दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तर त्यात बदल करता येतो किंवा तो रद्दही करता येतो. एकाच कायद्यात, तीन कलमांच्या अंतरावर, खासदाराला कात्री दिलेली आणि आमदाराला नुसता कागद दाखवलेला.

मी दोन्ही कलमं शेजारी शेजारी ठेवून साहेबांना दाखवली. ते वकील नाहीत, पण ग्रामपंचायतीपासून वर आलेत, ठराव आणि इतिवृत्त यांतला फरक त्यांना कोणी शिकवायला नको.

"म्हणजे आपण फक्त पावती," ते म्हणाले.

"पावती नाही म्हणता येणार. आपल्याकडे उपविधान समिती आहे."

विधिमंडळाच्या समित्यांची नावं आमदारांनाही सगळी पाठ नसतात. लोकलेखा समिती सगळ्यांना माहीत, कारण तिथे सचिव साक्षीला येतात आणि बातमी होते. आश्वासन समिती माहीत असते. उपविधान समिती म्हणजे नियम, विनियम, उपविधी यांत मूळ कायद्याच्या बाहेर काही गेलंय का हे पाहणारी समिती. तिथे नेमणूक झाली की कोणी पेढे वाटत नाही. ती आयोगाला दर बदलायला सांगू शकणार नाही. पण विनियम कायद्याच्या चौकटीत आहे का, तो वेळेवर सभागृहासमोर आला का, हे विचारणं तिच्या कामातच येतं. मंत्रालयात आयुष्य काढलेले आणि आता निवृत्त झालेले एक ओळखीचे कक्ष अधिकारी आहेत, त्यांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "विद्युत नियामकाचे विनियम घेऊन समितीकडे जाणारं कोणी माझ्या ऐकिवात नाही. लोक फक्त बिल घेऊन येतात."

गोव्याची गंमत त्यांनीच सांगितली. गोव्याचा विद्युत नियामक आयोग केंद्रशासित प्रदेशांबरोबर संयुक्त आहे आणि त्याची कचेरी गुरुग्रामला. पणजीच्या माणसाला आपल्या दराचं कार्यालय पाहायचं तर पार दिल्लीजवळ जायचं. आमचा आयोग निदान कफ परेडला, विश्व व्यापार केंद्रात. विधानभवनातून मनात आणलं तर चालत जाता येईल. जात मात्र कोणी नाही.

हे वाचन चालू असतानाच पुरवणी मागण्यांची, म्हणजे अंदाजपत्रकाबाहेरच्या जादा खर्चाच्या मंजुरीची, चर्चा आली आणि साहेबांना बोलायला पाच-सात मिनिटं मिळणार असं पक्षाच्या प्रतोदांकडून कळलं. आता खरी वाट सापडली, कारण पुरवणी मागण्या म्हणजे सभागृहाचे स्वतःचे पैसे. दर ठरवणं आयोगाचं काम, पण कोणाला दर स्वस्त करून द्यायचा असेल तर तो फरक शासनाने भरायचा, आणि शासन तो भरणार विधिमंडळाने मंजूर केलेल्या निधीतून. कलम 65. त्यात एक बारीक अट आहे जी आमच्या तालुक्यातल्या एकाही पुढाऱ्याला माहीत नव्हती : ही रक्कम आगाऊ भरायची. ती भरली नाही तर सवलतीचा निदेश लागूच राहत नाही, आयोगाने ठरवलेला दर लागू होतो.

शेतकऱ्यांच्या बाबतीत हे केवढं मोठं आहे ते पाहा. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल 2024 ते मार्च 2029 अशी पाच वर्षं मोफत वीज आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयाच्या वेळी लाभार्थी सुमारे 44 लाख आणि वार्षिक भार सुमारे 14,760 कोटी रुपये सांगितला होता : आधीच्या सवलतीचे 6,985 कोटी आणि नव्या माफीचे 7,775 कोटी. आमच्या शेतकऱ्याच्या हातात शून्य बिल येतं. त्या शून्याच्या मागे आयोगाने ठरवलेला एक दर उभा असतो, आणि तो दर गुणिले पंपांनी वापरलेली वीज एवढे पैसे तिजोरीतून महावितरणला जायचे असतात. आता पंपांनी किती वीज वापरली? अनेक पंपांना मीटर नाहीत. तिथे वापर अंदाजाने धरला जातो, आणि तो अंदाज किती खरा यावर महाराष्ट्रात पंचवीस वर्षं वाद चालू आहे. आकडा फुगला तर सरकार जास्त देणार, आणि गळती कागदावर कमी दिसणार.

केंद्राने जुलै 2023 मध्ये विद्युत नियमांत दुसरी सुधारणा केली ती नेमकी याच दुखण्यावर. वितरण कंपनीने प्रत्येक तिमाही संपल्यापासून 30 दिवसांत सवलतीचा हिशेब आयोगाला द्यायचा : सवलतीच्या वर्गाने वीज किती वापरली, शासनाकडे मागणी किती केली, आले किती. आयोगाने तो तपासून, दुरुस्त्या असतील तर करून, पुढच्या 30 दिवसांत अहवाल काढायचा. वार्षिक अहवालाच्या गुळमुळीत सारांशापेक्षा हा तिमाही अहवाल आमदारासाठी शंभर पटीने कामाचा. फक्त तो विधिमंडळासमोर ठेवा, असं नियम म्हणत नाही.

भाषण मी एका पानात बसवलं. साहेबांना लांब वाक्यं चालत नाहीत, म्हणून तीन प्रश्न, मोठ्या अक्षरात. कलम 65 प्रमाणे सवलतीची रक्कम आगाऊ दिली जाते का आणि तिचं वेळापत्रक काय. प्रत्येक तिमाहीचा आयोगाचा सवलत-हिशेब आला का, आणि त्याच्या प्रती सदस्यांना मिळतील का. तिसरा, बिनमीटरच्या पंपांचा वापर कुठल्या पद्धतीने धरला आहे. साहेबांनी पान वाचलं आणि म्हणाले, "यात भारनियमन कुठाय? डीपी कुठाय? लोक काय म्हणतील, वीज सोडून हा कसल्या कलमांवर बोलतोय?" आम्ही सौदा केला. पहिलं मिनिट डीपीला, शेवटचं मिनिट रात्रीच्या विजेला, मधलं माझं.

मी अधिकाऱ्यांच्या दीर्घेमागे उभी होते. डीपीवर बाकं वाजली. कलम 65 वर कोणी वर पाहिलंही नाही, फक्त समोरच्या बाजूचे एक ज्येष्ठ सदस्य, जे अर्थ खात्याचं जाणतात असं म्हणतात, त्यांनी मान वळवून साहेबांकडे पाहिलं. तिसरा प्रश्न अर्ध्यात असताना घंटा वाजली. साहेबांनी तो पुरा केला, रात्रीची वीज सोडून दिली. ते मला अपेक्षित नव्हतं. चर्चेच्या उत्तरात या मुद्द्याला एक वाक्य मिळालं, की मागितलेली माहिती सदस्यांना देण्यात येईल.

ते वाक्य मी इतिवृत्तातून उतरवून घेतलं. सभागृहात मंत्र्याने दिलेला असा शब्द आश्वासन म्हणून नोंदला जाऊ शकतो, आणि नोंदला की त्याची पूर्तता होईपर्यंत आश्वासन समिती त्याच्या मागे असते. लक्षवेधीने जे झालं नाही ते एका मधल्या मिनिटाने झालं, कारण प्रश्न आयोगाच्या निकालावर नव्हता, सभागृहाच्या पैशावर होता. वीज महाग का, असं विचारलं की उत्तर मिळतं, 'आयोग स्वायत्त आहे'. आमचे पैसे कुठे गेले असं विचारलं की हे उत्तर चालत नाही. माझ्यासारख्या बाकीच्या स्वीय सहायकांनी यातलं काही उचलावं असं असेल तर एवढंच.

अधिवेशन संपल्यावर मी दोन पत्रं तयार केली. एक उपविधान समितीच्या प्रमुखांना : 2024 चे बहुवार्षिक वीजदर विनियम कलम 182 खाली दोन्ही सभागृहांसमोर कोणत्या तारखेला ठेवले गेले याची नोंद समितीने मागवावी आणि समितीला योग्य वाटल्यास ते छाननीला घ्यावेत. विनियमात काही चूक आहे असा आमचा दावा नाही, हे पत्रात मुद्दाम लिहिलं, नाहीतर लोक लगेच विचारतात की कुठल्या कंपनीचं काम करताय. दुसरं पत्र सूचनेचं : आयोगाचे तिमाही सवलत-अहवाल शासनाने पुरवणी मागण्यांच्या वेळी सदस्यांना आपणहून द्यावेत. कायद्यात बदल लागत नाही, मंत्र्यांनी मनावर घेतलं की पुरे. कलम 182 मध्ये 179 सारखे 30 दिवस आणायचे असतील तर मात्र केंद्राचा कायदा संसदेतच बदलावा लागेल. तिथे आमच्या खासदारांना सांगायचं काम साहेबांचं, माझं नाही.

साहेबांनी दोन्हींवर सही केली. दुसऱ्या पत्राच्या खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, की बिनमीटर पंपांची तालुकावार संख्याही द्यावी. ही ओळ माझ्या डोक्यात आली नव्हती, आणि सगळ्या पत्रात तीच सगळ्यात टोचणारी आहे.

मग पेनाला टोपण लावताना म्हणाले, "ती जनसुनावणी. दराच्या मध्यावधी आढाव्याची पुन्हा होईल म्हणालात ना?"

"होईल. आधी हरकत लेखी द्यावी लागते. आपल्याला संभाजीनगरला जवळ पडेल."

"तिथे आमदाराला किती वेळ देतात?"

"बाकीच्या ग्राहकांना देतात तेवढाच."

"बरं. मग मुद्दे तेवढेच काढा. आणि डीपी नको, डीपी मी इथे बोलतो."